मेलेल्याची वहिवाट

तार आली तेव्हा कौसल्या पऱ्हाटीच्या तासात वाकलेली होती. कमरेला बांधलेली ओटी कापसानं फुगली होती आणि सुकल्या बोंडांची टोकं रुतून बोटांच्या कडा सोलल्या होत्या. शेजारच्या तासात सासू प्रयागबाई होती. सासरा देवाजी बैलबंडीत उभा राहून पायानं कापूस दाबत होता. यंदा वेचणीला बाई मिळत नव्हती. चिचपुरीतलं अर्धं गाव खापरखेड्याच्या पावरहाऊसवर रोजीला जात होतं, म्हणून वावर घरच्या तिघांनाच उरकायचं होतं.

महादेवराव मास्तर हातात तार घेऊन धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून, येताना दिसले. मास्तर कधी कुणाच्या वावरात येत नसत. धोतराला कुसळं चिकटली होती, ती काढत ते बराच वेळ खाली पाहत उभे राहिले. मग त्यांनी सांगितलं, की कवडूचा, कौसल्याच्या नवऱ्याचा, पत्ता लागत नाही. त्याची पलटण वर बर्फात होती, चिन्यांनी चहूबाजूंनी घेरलं. काही शिपाई माघारी आले. आलेल्यांत कवडू नाही. पण मेलेल्यांतही त्याचं नाव नाही.

"म्हंजे काय समजाचं मास्तर?" देवाजीनं विचारलं.

"लापता म्हनते सरकार."

प्रयागबाईनं कमरेची ओटी सोडली नाही. ती मास्तरांना म्हणाली, की हरपलेलं आहे तर शोधतील. कवडूच्या आधीची तिची लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा झाला तेव्हा त्याला सुपात घालून कुंभारणीला दिला आणि एका कवडीला परत विकत घेतला. विकत घेतलेलं पोरगं असं फुकट जात नाही, असं ती म्हणाली आणि पुन्हा बोंडाला हात घातला. कौसल्यानंही घातला. बोटं चालत होती, पण ओटीत कापूस जातोय की पाचोळा ते तिला कळत नव्हतं.

त्या दिवसांत गावाला लढाईचं वेड लागलं होतं. ज्यांनी नागपूरच्या पुढं आगगाडी पाहिली नव्हती ते पारावर बसून चिन्यांना कसं कापायचं ते सांगत. सरपंच रुपरावनं चावडीत रेडिओ लावला होता. शेजारच्या गावचा एक शिपाई लढाईत गेला, तिथं मोठी सभा झाली, नागपूरहून पाहुणे आले, पेपरात नाव आलं. हे रुपरावच्या मनात सलत होतं. चिचपुरीचंही पोरगं लढाईत होतं. पण ते नुसतं हरवलं होतं.

एका सकाळी रुपराव देवाजीच्या आंगणात आला आणि बाजेवर बसला. या घरात तो पहिल्यांदाच बसत होता. देवाजीचं वावर कोलार नदीच्या अंगाला, रुपरावच्या संत्र्याच्या बागेमागं. बागेच्या कडेनं वावरात जायची जुनी वहिवाट होती. बाग लावली तेव्हा रुपरावनं तिच्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या. तेव्हापासून देवाजीची बंडी नाल्यातून फेरा घेऊन जायची. पावसाळ्यात तेही बंद. खत वर चढत नसे, पिकलेला माल महिना-महिना वावरात पडून राही. देवाजी कितीदा तरी रुपरावच्या ओसरीच्या पायरीवर जाऊन बसला होता. पायरीच्या वर त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

रुपरावनं चहा घेतला, कवडूच्या लहानपणच्या गोष्टी काढल्या, डोळे पुसले. मग हळूच विषयावर आला. सरकार मायबापाला धक्का बसू नये म्हणून सरळ लिहीत नाही, बर्फात गेलेला माणूस जाईल कुठं, असं तो म्हणाला. रविवारी सभा ठरवता येईल, संरक्षण निधीही जमेल. पण हरवलेल्या माणसासाठी सभा होत नाही. आणि सवाष्ण बाईला वीरपत्नी म्हणून मंचावर बसवता येत नाही.

देवाजी तंबाखू मळत राहिला. मळून झाली तरी तळहात चोळतच होता.

"सभेतच सांगून टाकतो," रुपराव उठता उठता म्हणाला. "वहिवाट खुली. शहिदाच्या बापाले नाल्यातून जाऊ देनं शोभते का गावाले?"

संध्याकाळपर्यंत देवाजीनं होकाराची मान हलवली. प्रयागबाई आधी भांडली, मग रडली, आणि रडणं सुरू झाल्यावर तिला थांबवता येईना. रडता रडता तिलाही पटत गेलं. वाट पाहण्यापेक्षा रडणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी बायांनी कौसल्याला नदीवर नेलं. थंडी होती, पाण्याला शेवाळाचा वास येत होता. तिनं एकदाच विचारलं, "कोनं पाह्यलं त्यायले मेलेलं?" एका म्हातारीनं तिचे दोन्ही हात धोंड्यावर धरले, दुसरीनं गोट्यानं बांगड्या फोडल्या. काचेचा तुकडा मनगटात शिरला. कपाळ ओल्या पदरानं इतकं घासलं की कातडी लाल झाली. ती रडत नव्हती म्हणून बायांची पंचाईत झाली. नाही रडली तर जीव भटकतो, असं म्हणत एकीनं तिच्या दंडाला चिमटा काढला, आणि चिमट्यानं डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडून गळा काढला. गळ्यातलं डोरलं मात्र फेकू दिलं नाही. ते रविवारी लागणार होतं.

सभेत तिला पांढऱ्या लुगड्यात खुर्चीवर बसवलं. समोर माणसंच माणसं. सासऱ्याच्या अंगात नवा सदरा होता, त्याची घडी अजून मोडली नव्हती. नागपूरच्या पाहुण्यांपुढं ताट आलं आणि रुपरावनं डोळ्यांनी खूण केली. कौसल्यानं स्वतःच्या हातानं डोरलं ताटात टाकलं. या लेकीनं आपलं सौभाग्य देशाला दिलं, असं पाहुणे म्हणाले. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हात जड, ओलसर होता आणि टाळ्या संपल्या तरी तिथंच होता. खुर्चीतल्या खुर्चीत तिनं अंग चोरलं, पण मागं सरकायला जागा नव्हती.

रुपरावनं वहिवाट जाहीर केली. देवाजी हात जोडून उभा राहिला आणि हुंदके देऊन रडला. ते रडणं खरं होतं. पण रडता रडता तो समोरच्या गर्दीवरून डोळे फिरवत होता. कोण कोण पाहतंय, ते तो पाहत होता.

मग पुढच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. जीपगाडी दारात यायची, देवाजी टोपी घालून जायचा. पहिल्या सभेत त्याला दोन वाक्यंही धड बोलता आली नव्हती. हळूहळू जीभ सुटली. आधी तो म्हणायचा, माझा लेक बर्फात गेला. नंतर लेकानं छातीवर गोळ्या झेलल्या. होळीपर्यंत लेकानं मरताना झेंडा उराशी धरला होता आणि 'बापू, रडू नको' असं म्हटलं होतं. घरी आल्यावर तो हे सगळं प्रयागबाईला पुन्हा सांगे आणि ती पदर तोंडाला लावून ऐके. कौसल्या चुलीपाशी भाकरी थापत असे. जिथं माणूस पोचला नाही तिथलं बोलणं याला कुणी सांगितलं, असा प्रश्न तिच्या ओठावर येई आणि ती पुढची भाकरी तव्यावर टाकी. सभेतले हार खुंटीवर टांगलेले असत. फुलं कुजून काळी पडत, त्यांना मुंग्या लागत, घरात गोडसर वास कोंडून राही. ते काढून टाकायची देवाजीची परवानगी नव्हती.

हुडकेश्वरहून कौसल्याचा भाऊ मुकुंद आला. बहीण तरणी आहे, घेऊन जातो, चांगलं घर पाहून पाट लावून देतो, म्हणाला. त्यांच्यात पाट काही नवा नव्हता. देवाजीच्या आईचाही पाटच लागला होता. पण देवाजी बाजेवरून उठून उभा राहिला. वीरपत्नीचा पाट लावता का, असं त्यानं विचारलं, आणि दोन्ही बाजूंच्या आंगणांत ऐकू जाईल असं विचारलं. मुकुंद पाणीही न पिता गेला. कौसल्या त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेली नाही. विधवेनं सकाळी वेशीत दिसू नये, असं गावात मानत.

वहिवाटेवरून मात्र खताच्या बंड्या गेल्या. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा वावराला पोटभर खत मिळालं.

वैशाखात, ऊन माथ्यावर आलेलं असताना, कौसल्या नदीच्या वाटेला गोवऱ्या थापत होती. रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला आणि धुरळा खाली बसला तेव्हा एक माणूस काठी टेकत येताना दिसला. तो टाचांवर चालत होता, तापल्या तव्यावर चालावं तसा. जवळ आला तरी तिला ओळख पटली नाही. गालफडं बसलेली, दाढी विरळ, अंगातला खाकी सदरा दुसऱ्याचा वाटावा एवढा ढिला. तो थांबला. तिच्या उघड्या कपाळाकडं, उघड्या हातांकडं त्यानं पाहिलं आणि त्याचं तोंड पडलं.

"कोन मेलं वं?" त्यानं विचारलं. "बाबा हाय ना?"

तिनं आवाज ओळखला. हात शेणानं भरलेले तसेच लोंबत राहिले.

"तुमी," ती म्हणाली.

कवडू तिथंच धुळीत बसला. तिनं त्याच्या बुटांचे बंद सोडले, बोटांना शेण होतं तरी सोडले. आतली पट्टी चिकटली होती. पट्टी निघाली तेव्हा दिसलं, की दोन्ही पायांना बोटं नव्हती. बर्फात ती काळी पडली आणि तिकडच्या डॉक्टरनं कापली, असं तो म्हणाला. चिन्यांच्या कैदेत होता. आता सगळ्यांना सोडलं. सोडल्यावर घरी कळवायला त्यानं सांगितलं होतं, पण कळवणारा कुठं अडला होता कोण जाणे.

प्रयागबाईनं त्याला दारात पाहिलं आणि तोंडातून नुसती वाफ निघावी तसा आवाज काढला. मग ती त्याच्या अंगावरून डोक्यापासून खाली चाचपत गेली आणि पायांपाशी थांबली. ते थुटके पाय तिनं मांडीवर घेतले आणि दिवसभर खाली ठेवले नाहीत.

देवाजी सभेला गेला होता. दिवस मावळताना आला तेव्हा गळ्यात हार होता. लेकाला पाहून तो उंबऱ्यातच थबकला. मग धावला, लेकाला मिठी मारली, ढसाढसा रडला. यावेळी तो इकडंतिकडं पाहत नव्हता. पण मिठी सुटल्यावर त्याचा हात गळ्याकडं गेला, आणि हार काढावा की ठेवावा हे त्याला कळेना.

दुसऱ्या दिवशी कडुलिंबाखाली गाव जमलं. रुपराव मधोमध बसला होता. त्यानं विचारलं, चिनी किती मारले.

"दिसलेच नाई," कवडू म्हणाला. "गोया सरल्या होत्या. अंगात सुती कपडे. वरून हुकूम आला मागं या, तं आमी पळालो. एका नाल्यात झोपलो होतो, तिथं धरलं."

"मंग बंदूक?"

"देऊन टाकली."

मग एकानं विचारलं, खायला काय देत होते. भात अन् मुळा, कवडूनं सांगितलं. मागं कुणीतरी हसलं. रुपरावनं धोतराचा सोगा झटकला, जणू त्यावर काही सांडलं होतं, आणि तो उठून गेला. संध्याकाळपर्यंत विहिरीवर बाया बोलू लागल्या, की यानं चिन्यांचं मीठ खाल्लं. चार महिने ज्यांनी कौसल्याला सणासमारंभातून बाहेर ठेवलं त्याच बाया आता म्हणत होत्या, की फुटलेल्या बांगड्या पुन्हा भरायच्या तर काही विधी केला पाहिजे, नाहीतर गावाला बाधा होईल.

कौसल्या त्याच्या पायांना तेल लावताना सगळं सांगत गेली. नदी, धोंडा, चिमटा, ताट. तो ऐकत होता.

"बाबानं हो म्हटलं?"

"वहिवाट भेटली," ती म्हणाली.

त्यानं विचारलं, की त्या वाटेनं बंडी नीट जाते का. जाते, ती म्हणाली. मग तो भिंतीकडं तोंड करून पडला.

मृग लागायच्या आत वहिवाटेवर पुन्हा काट्या पडल्या. देवाजी विचारायला गेला. शहिदाच्या बापाला दिलेली वाट होती, असं रुपराव म्हणाला आणि जेवायला आत निघून गेला. देवाजी परत पायरीवर आला होता. पहिला पाऊस पडून गेल्यावर बियाण्याची बंडी नाल्यातून घालावी लागली. चाक चिखलात रुतलं, एक बैल गुडघ्यावर पडला आणि उठला तो लंगडतच. देवाजी, कौसल्या आणि प्रयागबाई तिघांनी खांदा लावून बंडी काढली. कवडू काठावर उभा होता. पायाला बोटं नसल्यावर चिखलात जोर लावता येत नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

घरी येऊन देवाजी जेवायला बसला. कानात चिखल होता. समोर कवडूही ताटावर होता.

"लोकायचे पोरं मरून बापाची मान वर करते," देवाजी घासाकडं पाहत म्हणाला. "तू पायाचे बोटं देऊन आला अन् माही मान खाली घातली. मेला असता तं..."

कवडूनं हातातला घास ताटात ठेवला.

प्रयागबाई चुलीपासून उठली. तिनं देवाजीसमोरचं ताट उचललं, आंगणात नेलं आणि लंगड्या बैलापुढं उपडं केलं. त्या घरात जेवत्या पुरुषापुढचं ताट आजवर कुणी उचललं नव्हतं.

"माह्या हातची भाकर आता मांगू नका," ती आत येऊन म्हणाली. आवाज चढवला नाही. देवाजीच्या दाढीला आंबाडीची भाजी लागली होती, ती तशीच राहिली. त्याच्याकडं पाहताना कौसल्याला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. खोलीत उंदीर मरून पडल्यावर जसं होतं तसं झालं, वास कुठून येतो ते कळलेलं असतं आणि हात लावायची इच्छा नसते. त्या दिवसापासून देवाजी टोपल्यातली भाकर स्वतः घेऊन ओसरीत खाऊ लागला.

कवडूला नांगर धरता येईना, डवरा धरता येईना. पण बसून निंदण करता येतं. पीक बोटभर वर आलं तेव्हा तो कौसल्याच्या शेजारी पात धरून बसला आणि खुरपं चालवू लागला. वाटेनं जाणारे थांबून पाहत. गडी माणूस बायांत निंदतो, हसत. तो मान वर करत नसे. हात चांगला चालत होता, गवत मुळासकट निघत होतं.

श्रावणात रुपराव पुन्हा बाजेवर येऊन बसला. पारापाशी कवडू यायच्या आधीच काढलेला त्याच्या नावाचा चबुतरा बांधून तयार होता, पंधरा ऑगस्टला उद्घाटन. पाहुण्यांना केव्हाच बोलावलं होतं, ते माघारी फिरवता येत नव्हते. रुपरावनं तोड काढली होती. शहीद नाही तर जखमी वीर म्हणू. कवडूनं एवढंच म्हणायचं, की शेवटच्या गोळीपर्यंत लढलो आणि बेशुद्ध पडल्यावर धरला गेलो. कौसल्याला मंचावर पाहुण्यांच्या हातून बांगड्या भरू. लोकांना हे फार आवडेल. आणि काट्या त्याच दिवशी काढू.

कौसल्याला पाठीवरचा तो ओलसर हात आठवला. अंगावर पाल पडल्यासारखं झालं. ती उठून मागच्या दारी गेली, रांजणातलं पाणी घेऊन तिनं चूळ भरली, पुन्हा भरली.

कवडू म्हणाला, तो असं काही बोलणार नाही. पाहा विचार करून, रुपराव म्हणाला, आणि देवाजीकडं पाहून उठला. देवाजी त्याला पोचवायला पार त्याच्या घरापर्यंत गेला.

पंधरा ऑगस्टला सकाळपासून कर्णा वाजत होता. कौसल्या, कवडू आणि प्रयागबाई नाल्यातून उतरून वावरात गेले आणि पात धरून बसले. आभाळ गच्च होतं, जमीन ओली. सूर्य वर आला असेल तेव्हा देवाजी धुऱ्यावर दिसला. टोपी, धुतलेला सदरा, दमलेला श्वास. पाहुणे येऊन बसले होते. चला, म्हणाला. दोघंही चला. गाव खोळंबलं आहे.

कवडूनं वर पाहिलं नाही. कौसल्या उठली. सासऱ्यापुढं ती नेहमी पदर ओढून, पाठ वळवून उभी राहायची. आज तोंडासमोर उभी राहिली. मनगटं उघडी होती, त्यांना चिखल लागला होता.

"ते मेले म्हनून सांगा, मामाजी," ती म्हणाली. "तुमाले ते सांगता येते."

देवाजीनं प्रयागबाईकडं पाहिलं. तिचं खुरपं चालू होतं. मग त्यानं बागेच्या कडेकडं पाहिलं. काट्या ओढून बाजूला टाकलेल्या होत्या, ओल्या मातीत ओढल्याच्या रेघा दिसत होत्या. त्यानं टोपी काढून घाम पुसला, परत घातली. आणि नाल्याकडं न वळता त्या मोकळ्या वाटेनं निघून गेला.

कर्ण्यावरची गाणी थांबली. रुपरावचा आवाज आला, पाहुण्यांची नावं आली. मग खाकरणं ऐकू आलं आणि देवाजी बोलू लागला. वारा गावाकडून येत होता, शब्दन् शब्द येत होता. माझा एकुलता एक लेक, तो म्हणाला. बर्फ होतं, म्हणाला. कवडू कडुलिंबाखाली बसून ज्यांच्याशी बोलला होता ते सगळे समोर बसलेले असणार. त्याला पाणी देणाऱ्या बाया असणार. महादेवराव मास्तर असणार. कुणी उठून काही बोलेल म्हणून कौसल्या हात थांबवून ऐकत राहिली. कुणी बोललं नाही. छातीवर गोळ्या आल्या, झेंडा आला, 'बापू, रडू नको' आलं. तिथं सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या. पुष्कळ वेळ वाजवल्या.

कवडूनं खुरपं मातीत उभं टोचलं होतं.

"मी बापू नाई म्हनत त्यायले," तो म्हणाला. "कधीच नाई म्हटलं."

कौसल्या वळून धुऱ्याकडं थुंकली. प्रयागबाई गुडघ्यावर हात देऊन उठली, पुढच्या तासाला जाऊन बसली आणि त्या दोघांना म्हणाली, "सरका पुढं. पानी याच्या आत हे उरकू."